भिंतीपलीकडचं भांडण

‘शट अप लिटल मॅन! अ‍ॅन ऑडिओ मिसअ‍ॅडव्हेंचर’ हा मॅथ्यू बेट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा माहितीपट २०११ साली सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. त्यावरची परीक्षणं वाचताना एक गंमत दिसते. बऱ्याच समीक्षकांना तो आवडला, आणि आवडला याची त्यांना थोडी लाजही वाटली.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८७ साली दोन तरुण सॅन फ्रान्सिस्कोत एका स्वस्त, गुलाबी रंगाच्या इमारतीत राहायला आले. शेजारच्या खोलीत दोन वयस्कर दारुडे होते. एक समलिंगी, दुसरा समलिंगींच्या नावानं खडे फोडणारा, आणि तरीही दोघे एकाच छताखाली! रात्र रात्र शिवीगाळ चालायची. तरुणांनी तक्रार केली तेव्हा उलट त्यांनाच धमकी मिळाली. मग त्यांनी रेकॉर्डर लावला. पुढेपुढे तर स्कीइंगच्या काठीला मायक्रोफोन बांधून तो शेजाऱ्यांच्या खिडकीकडे धरला. त्या कॅसेट मित्रांमध्ये फिरल्या, कॉपीवर कॉपी निघाली आणि इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीच ही भांडणं दूरवर ऐकली जाऊ लागली. त्यांवर कॉमिक्स निघाली, नाटक झालं.

समीक्षकांचा मुख्य आक्षेप नैतिक होता: दोन माणसांच्या दुर्दशेवर हसायचं, आणि तेही त्यांना न विचारता? कॅलिफोर्नियात १९६७ पासून खासगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करायला कायद्यानं मनाई आहे. पण ते दुसऱ्याला ऐकू जाईल अशी बोलणाऱ्यांना कल्पना असायला हवी असेल, तर ते खासगी धरत नाहीत. आता भिंत भेदून येणारी आरडाओरड खासगी कशी म्हणायची? कायद्याला इथे पळवाट आहे. समीक्षकांची अस्वस्थता मात्र त्यानं मिटत नाही, आणि ती मला रास्त वाटते.

पण तिचा रोख जरा चुकला. सगळा राग रेकॉर्ड करणाऱ्या पोरांवर निघाला. माझी तक्रार खुद्द सिनेमाबद्दल आहे. बेट ती भांडणं नटांकडून वठवून घेतो. कॅसेट ऐकताना तुम्हाला ग्लास आपटल्याचा आवाज येतो, मग मधेच शांतता, आणि कोण पडलं ते कळत नाही. ती भीती फक्त कानांची आहे. पडद्यावर नट दिसला की तिचं प्रहसन होतं, आणि प्रेक्षकाला बिनधास्त हसायची सोय होते.

याउलट हक्कांचं प्रकरण त्यानं फक्कड मांडलंय. सुरुवातीला ‘घ्या, हवं ते करा’ म्हणणारी हीच पोरं, सिनेमावाले दारात आल्यावर कॉपीराइटची भाषा बोलू लागतात. दुसऱ्याच्या शिव्यांची मालकी! इथे दिग्दर्शक स्वतः काही टिप्पणी करत नाही, नुसतं त्यांना बोलू देतो.

आणि शेवटाकडे ते त्या खोलीत वावरणाऱ्या तिसऱ्या माणसाला शोधून काढतात. त्याला जुनं काही उकरायचं नाहीये, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. तरी कॅमेरा चालूच राहतो. इथे मात्र काठी आणि मायक्रोफोन दिग्दर्शकाच्याच हातात आहेत, आणि हा प्रसंग त्यानं कापला नाही. प्रामाणिकपणा म्हणून ठेवला की हव्यास म्हणून, यावर माझं मत दर वेळी बदलतं.