उघाडी : खाडीतल्या बेटावरचे एक शेतघर

भरतीचे पाणी पुरेसे चढल्याशिवाय या बेटाला होडी लागत नाही, त्यामुळे ठाण्याच्या घोडबंदर बाजूने निघण्याची वेळ भरतीच ठरवते. तिवरांची दाटी ओलांडल्यावर दिसणारे हे दगडी जोते एका आगरी शेतकरी कुटुंबाच्या घराचे आहे. भिंती पडल्या आहेत. ओटीच्या पायऱ्या आणि विहिरीचा काठ मात्र शाबूत आहे.

या ठिकाणची सर्वांत मोलाची वास्तू घरामागे आहे, आणि ती म्हणजे खाडीचे खारे पाणी शेताबाहेर अडवणारा हा खारबांध. त्याच्या पोटात खाडीतलीच चिकण माती आहे आणि लाटांच्या बाजूला दगड रचलेले आहेत. मधली ही चौकट उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडण्याच्या दाराची. तिची लाकडी झडप खाडीच्या बाजूला उघडत असे, म्हणून भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटे आणि ओहोटी लागली की शेतात साचलेल्या पावसाच्या पाण्याने पुन्हा उघडे. रात्रीची भरतीसुद्धा राखणीला कोणी नसताना अडवली जाई. ज्यांनी हे योजले, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

बांध पूर्ण झाला तरी लगेच भात पिकत नसे. पावसाचे पाणी शेतात कोंडून, त्यात मातीतले मीठ विरघळवून ते उघाडीतून सोडून द्यावे लागे, आणि असे काही पावसाळे गेल्यावरच चिखलात मोड आलेल्या बियाण्याची, म्हणजे रहूची, पेरणी होई. खेकड्यांनी आणि उंदरांनी पोखरलेल्या जागी बांधाला खांड पडे, ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापूर्वी बुजवावी लागे, आणि त्यासाठी घरातली सगळी माणसे चिखलात उतरत. खारजमिनींसाठी मुंबई राज्याने १९४८ मध्ये कायदा केला. त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणपट्टीतले शेतकरी हे काम स्वतःच्या बळावर करत आले होते.

पुढे खांड बुजवायला माणसे उरली नाहीत, कुटुंब शहरात गेले आणि शेतात तिवरे वाढली.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातील तिवरांच्या तोडीला मनाई केली आहे आणि ती योग्यच आहे. बांधाची मोजणी करण्यासाठी एकही तिवर तोडावे लागणार नाही. उघाडीची चौकट ओहोटीच्या वेळात मोजून तिचे आराखडे काढता येतील, आणि ठाण्यातील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी हे काम येत्या पावसाळ्यापूर्वीच हाती घ्यायला हवे, कारण चौकटीचा डावा खांब पायाशी सुटू लागला आहे.