एक इंच हवा

[दृश्य: सकाळची वाडी, मागे येऊरचा डोंगर. रस्त्यावरून ट्रेलरची घरघर.]

न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले ट्रेलर घोडबंदर रस्त्यावर रात्रभर धावतात. त्या रस्त्याच्या आणि डोंगराच्या मधोमध, ओवळ्याच्या एका वाडीत हे सागवानी खोपटं. कुदळी, खताच्या गोण्या, पाण्याचा पंप, सगळं यातच. आता त्यातल्या अर्ध्या जागेत काका हार्मोनियम दुरुस्त करणार आहेत.

पाडून टाका, पत्र्याची तयार केबिन आणा, असं ज्याने त्याने सुचवलं. सुचवणाऱ्यांनी मे महिन्यातली एक दुपार त्या केबिनमध्ये काढावी. लाकडाच्या शेकडो पट सहज पोलाद उष्णता आत सोडतं.

[दृश्य: मिस्त्रींचे हात, ओळंबा, रिपा.]

मिस्त्रींनी एकही फळी न काढता आतून चौकट उभी केली. फळी आणि चौकट यांच्यात रिपा मारून एक इंच जागा मोकळी सोडली. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, सांध्यांतून पाणी शिरणारच. ते या पोकळीतून खाली उतरतं आणि वारा खेळला की लाकूड सुकतं. पोकळीच्या आतल्या अंगाला, पाणी अडवणारं पण वाफ जाऊ देणारं कापड.

[दृश्य: रॉकवूलचा स्लॅब, अगदी जवळून.]

हे रॉकवूल. बेसाल्ट दीड हजार अंशांच्या आसपास वितळवतात आणि म्हातारीचे केस काढावेत तसे त्याचे तंतू काढतात. डोंगरापलीकडची कान्हेरी लेणी ज्या काळ्या कातळात कोरली, त्याच जातीचा हा दगड. उष्णता अडवते ती मात्र तंतूंत अडकलेली हवा, म्हणून दाबून कोंबायचं नाही. स्लॅब 600 मिलीमीटर रुंद, वाशांमधलं अंतर 590. मिस्त्री तो किंचित वाकवून सोडतात, बघा, आपोआप घट्ट बसला. खाज सुटते, म्हणून हातमोजे आणि तोंडाला रुमाल.

परदेशी व्हिडिओंत यावर आतून प्लास्टिक लावतात. थंडीच्या मुलखात उबदार खोलीतली वाफ भिंतीत शिरून तिचं पाणी होतं, ते टाळायला. ठाण्यात दमट हवा बाहेर, आणि काकांना एसी नको. प्लास्टिकचं कामच नाही. एसी असता, तर तो थर बाहेरच्या अंगाला द्यावा लागला असता.

[दृश्य: पार्टिशनचं काम.]

पार्टिशनला वेळ लागला, आणि लागू द्यायलाच हवा होता. हार्मोनियमचे दोन सूर जवळजवळ जुळले की आवाज हेलकावतो. तो हेलकावा थांबेपर्यंत पितळी पत्ती घासायची, तीही नुसत्या कानावर. शेजारी पंप धडधडत असेल तर कसं जमणार? म्हणून वासे आलटून पालटून लावले: एक रांग पंपाकडच्या प्लायला, दुसरी काकांकडच्या. दोन्ही प्लाय एकमेकांना कुठेच जोडलेले नाहीत. खालची फट सीलंटने बुजवली, कारण बोटभर फटीतूनही आवाज येतो. ट्रेलरची खर्जातली घरघर तेवढी उरते.

माळीदादांच्या गोण्या बाहेर ताडपत्रीखाली गेल्या, आणि खर्च केबिनपेक्षा जास्त झाला.

[दृश्य: छप्पर, खालून.]

छप्पर बाकी आहे. पत्र्याखाली चकचकीत फॉइल येईल, पण चिकटवून नाही, मध्ये हवा ठेवून. पत्र्याला टेकलं की फॉइल उष्णता परतवत नाही, पुढे ढकलतं. पाऊस धरायच्या आत हे उरकायचं, असं मिस्त्रींचं म्हणणं आहे.