दुखणं थांबवणारी गोळी

नमस्कार श्रोतेहो. नाशिकला पंचवटी कारंजापाशी माझं औषधाचं दुकान आहे. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी लागली की निफाड-दिंडोरीकडची मंडळी खांदे चोळतच दुकानात येतात. दिवसभर हात वर करून मांडवाखाली उभं राहायचं, दुसरं काय होणार?

गेल्या हंगामात एक काका आले. खिशातून ट्रॅमाडॉल या दुखणं थांबवणाऱ्या गोळीची पट्टी काढली. चंदेरी कागद घासून पांढरा झालेला, दोन गोळ्या शिल्लक. "भाऊ, हीच द्या." चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची, आणि बोलता बोलता खोकत होते.

गोळ्या मी दिल्या नाहीत. 2018 पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, हे एक कारण. दुसरं कारण त्यांचा खोकला.

ट्रॅमाडॉल, मॉर्फिन अशी अफूच्या कुळातली ही औषधं मेंदूतल्या ज्या कुलपांना किल्लीसारखी लागतात, तसली कुलपं आपल्या पांढऱ्या पेशींवरही असतात. मॉर्फिन तिथे लागलं की जंतू गिळणाऱ्या पेशी सुस्तावतात. 1898 मध्येच कांताकुझेन या रुमानियन शास्त्रज्ञाला गिनीपिगमध्ये हे दिसलं होतं: अफू दिलेले प्राणी जंतूंपुढे लवकर हरत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला 2018 चा अभ्यास माणसांवरचा. ही औषधं घेणाऱ्यांत न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूच्या गंभीर संसर्गाचा धोका सुमारे 60 टक्के अधिक आढळला. सगळा दोष गोळीचाच, असं त्यावरून ठरत नाही. मुळात आजारी माणसंच ती जास्त घेतात. शिवाय मॉर्फिन, फेंटानिल अशा याच कुळातल्या जोरदार औषधांचा हा परिणाम जास्त. ट्रॅमाडॉलचा त्या मानानं सौम्य.

आता घाबरून कुणी घरातल्या कॅन्सरच्या रुग्णाचं मॉर्फिन थांबवू नका, हात जोडून सांगतो. न शमलेली वेदनाही प्रतिकारशक्ती पोखरतेच. आणि रोजची गोळी एकदम तोडली तर अंग थरथरतं, जुलाब लागतात. डॉक्टरच डोस हळूहळू उतरवतात. फक्त ताप, कफ, चिघळलेली जखम असं काही असेल, तर "मी ही गोळी घेतो" हे त्यांना आधी सांगा. बद्धकोष्ठही लपवू नका. ही औषधं आतड्याची चाल मंदावतात.

काका आठ दिवसांनी छातीचा फोटो बगलेत मारून परत आले. नव्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक होतं, खाली लिहिलेलं: खांद्याला पंधरा दिवस विश्रांती.

"ही विश्रांती कुठल्या कंपनीची येते, भाऊ?"