शेजारच्या खोलीतला नळ

नमस्कार मंडळी. सुरक्षेच्या नियमांवर विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी बोलायचं ठरलं आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. तेव्हा पाच मिनिटं सोसा.

पहिल्या सत्रात वसतिगृहातली माझ्या शेजारची खोली रिकामी होती. दर मंगळवारी सकाळी एक गृहस्थ यायचे, कुलूप काढून नळ आणि शॉवर सोडायचे, काही मिनिटांनी धारेखाली थर्मामीटर धरायचे, आकडा वहीत टिपायचे आणि निघून जायचे. मला वाटायचं, पाणी वाया घालवण्याचा पगार मिळतो की काय यांना! शेवटी न राहवून विचारलं. त्यांनी एकच शब्द सांगितला, 'लिजनेला'.

खोलीत येऊन शोधलं. १९७६च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. घरी परतलेली माणसं न्यूमोनियाने धडाधड आजारी पडली, कित्येक दगावली. कारण हाती लागायला पुढचं वर्ष उजाडलं : लिजनेला नावाचा जीवाणू. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात तो फोफावतो. पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे आत गेले की फुफ्फुसं गाठतो. म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची आणि न वापरलेले नळ आठवड्याला वाहते करायचे.

स्वयंपाकघराच्या दाराचीही तीच गत. आपोआप मिटणारं, जडशीळ दार. दोन्ही हातांत भांडी असली की वैताग यायचा, म्हणून मी खाली पुठ्ठ्याची पाचर मारायचो. वॉर्डनबाईंनी ती तीनदा काढली. चौथ्यांदा मला बोलावून चौकटीतली एक पट्टी दाखवली. आग लागली की ती फुगते आणि फट बुजवते. असं दार साधारण ३० मिनिटं आग थोपवतं, पण मिटलेलं असेल तरच! पाचर मी त्यांच्यासमोरच कचऱ्यात टाकली.

सगळंच आदर्श आहे असं मात्र नाही हं. आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रथमोपचार पेटीवर तपासणीची तारीख ताजी होती आणि आत बँडेजची नुसती वेष्टनं. कापलेलं बोट मी रुमालाने बांधलं.

परवा तीन आठवड्यांची सुट्टी संपवून परतलो. शॉवर सोडला, न्हाणीघराचं दार ओढून घेतलं आणि बाहेर घड्याळ बघत उभा राहिलो. शेजारच्या खोलीत आता एक नवा मुलगा आलाय. तो विचारतो, "काय करतोयस?"

म्हटलं, "पाणी वाया घालवतोय."