व्हायोलात शिरलेली कामिला

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या चेक देशातल्या मोराविया प्रांतातलं लुहाचोविचे हे औषधी झऱ्यांचं गाव. 1917 च्या जुलैत तिथं चेक संगीतकार लिओश यानाचेक यांची कामिला स्टेस्लोवा यांच्याशी ओळख झाली. यानाचेक 63 वर्षांचे, कामिला 25 च्या. दोघंही संसारी. पुढच्या अकरा वर्षांत यानाचेकांनी त्यांना 700 हून जास्त पत्रं लिहिली. कामिलांची उत्तरं तुरळक असायची, आणि त्यातली बरीचशी त्यांच्याच सांगण्यावरून यानाचेकांनी जाळली. त्यामुळं ही मैत्री आपल्याला दिसते ती एकाच बाजूनं. यानाचेकांच्या पत्नी झ्देंका यांनी या काळात फार सोसलं, हेही सांगितलंच पाहिजे.

कामिलांना संगीताची फारशी गोडी नव्हती. मग त्यांच्यामुळं यानाचेकांना एवढं संगीत सुचलं कसं?

यानाचेकांची एक जुनी सवय होती. बाजारात, रस्त्यात, घरात माणसं बोलायची, तेव्हा त्या बोलण्याची चाल ते वहीत स्वरांत टिपून ठेवायचे. शब्द कोणते यापेक्षा ते कोणत्या सुरात आले, याकडं त्यांचा कान असायचा. मन बदललं की बोलण्याची चाल बदलते, असं त्यांचं ठाम मत होतं.

हे आपल्याला घरी करून बघता येतं. परभणी असो की लातूर, “काय करायलास?” हे वाक्य रोज कानावर पडतं. ते ऐकलं की लगेच शब्द सोडून द्या आणि नुसती चाल गुणगुणा. मग पेटीवर पहिला सूर शोधा, बाकीचे त्याच्या आधारानं लिहा. कुठं लांबलं, कुठं तुटलं, तिथं खूण करा. मायेनं विचारलं तर शेवटचं अक्षर वर चढून लांबतं. रागानं विचारलं तर सगळा जोर “काय” वर येतो आणि शेवट खाली आपटतो. चुकतं ते दोन ठिकाणी. माणसाला “परत म्हणा” असं सांगितलं की तो सावध होतो आणि चाल खोटी होते, म्हणून एकदाच ऐकायचं. दुसरं म्हणजे बोलणं सुरांच्या मधून घसरत जातं, आणि पेटीला मींड येत नाही. जवळचा सूर लिहून मींडेची रेघ ओढा.

अशा कानाच्या माणसाला एक व्यक्ती अकरा वर्षं मनात भरून राहिली. ‘कात्या काबानोवा’ या ऑपेराची नायिका रंगवताना त्यांच्या डोळ्यांपुढं कामिलाच होत्या. पण सगळ्यात उघडपणे त्या दिसतात 1928 च्या दुसऱ्या तंतुचौकडीत. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य, आणि त्याहून मोठा, अजून खालच्या सुराचा एक चेलो. नाव आधी ‘प्रेमपत्रं’ होतं, नंतर ‘जिव्हाळ्याची पत्रं’ झालं. जानेवारीच्या शेवटी लिहायला घेतली आणि तीन आठवड्यांत पूर्ण केली, वयाच्या 73 व्या वर्षी.

कामिलांचा आवाज व्हायोलाकडं आहे. खरं तर ती जागा आधी व्हायोला द’अमोरेसाठी होती. सारंगी, दिलरुबा ऐकणाऱ्यांना हे वाद्य परकं वाटणार नाही, कारण त्यालाही खाली तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या, तारा असतात. नावातच प्रेम आहे, म्हणून त्यांनी ते निवडलं. पण बाकी तीन वाद्यांच्या विणीत ते बसेना, तेव्हा साधा व्हायोला घ्यावा लागला. मला हा बदल योग्यच वाटतो. व्हायोलाचा घोगरा, खालचा सूर माणसाच्या गळ्याच्या फार जवळचा आहे.

पहिल्या भागाचा आरंभ नीट ऐका. व्हायोलिनं ठासून वाजतात, आणि ती थांबताच व्हायोला येतो, गज घोडीला, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या लाकडी पट्टीला, जवळजवळ टेकवून. तिथं गज ओढला की मूळ स्वर बारीक होतो आणि वरचे स्वयंभू स्वर पुढं येतात. सूर काचेसारखा, गार लागतो. व्हायोलिन शिकणाऱ्यांनी करून पाहावं: गजावर वजन कमी पडलं तर नुसती शीळ निघते, जास्त झालं तर खरखर. कामिलांची पहिली भेट या सुरात आहे. ओळख अजून झालेली नाही, आणि नजर मात्र हटत नाही.

12 ऑगस्ट 1928 ला यानाचेक न्यूमोनियानं गेले. चौकडीचं पहिलं जाहीर वादन झालं 11 सप्टेंबरला, बर्नो शहरात.

रचना साधारण 25 मिनिटांची आहे. पहिल्यांदा ऐकताना वही बाजूला ठेवा आणि चारही भागांत फक्त व्हायोलाच्या मागं जा.