कवटीवर चेहरा बसतो तेव्हा

(कॅमेऱ्याकडे बघत)

नमस्कार मंडळी. आज मला मुख्यतः एका दृश्याबद्दल बोलायचंय. सिनेमा १९५० चा, ‘मिस्टरी स्ट्रीट’. दिग्दर्शक जॉन स्टर्जेस.

अमेरिकेत केप कॉडच्या किनाऱ्यावर वाळूत एक सांगाडा सापडतो. कोणाचा, काही पत्ता नाही. लेफ्टनंट मोरालेस, म्हणजे रिकार्डो मोंताल्बान, हाडं घेऊन हार्वर्डच्या डॉक्टर मॅकॅडूकडे जातो. आणि डॉक्टर त्या हाडांना बोलतं करतात. बाई होती, अंदाजे वय इतकं, उंची इतकी. मग कवटीचा फोटो पडद्यावर पडतो आणि बेपत्ता मुलींचे फोटो एकेक करून त्यावर ठेवले जातात. नाही जुळत. पुढचा. हाही नाही. आणि मग एक चेहरा कवटीवर नीट बसतो.

मी हे दृश्य कितीदा बघितलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

आता ही पद्धत लेखकाच्या डोक्यातून निघालेली नाही हं. १९३५ साली इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या डॉक्टर बक रक्स्टनने बायकोचा आणि घरातल्या आयेचा खून केला. ओळख पटू नये म्हणून प्रेतांचे तुकडे केले, चेहरे विद्रूप केले आणि स्कॉटलंडमध्ये नेऊन टाकले. ग्लासगोचे ग्लेस्टर आणि एडिनबराचे ब्रॅश या दोन प्राध्यापकांनी ते तुकडे जुळवले. बायकोचा जुना फोटो घेतला, तो कवटीच्या मापाला आणला, कवटी नेमक्या त्याच कोनात ठेवून तिचा फोटो काढला आणि दोन्ही एकमेकांवर ठेवले. जुळले. १९३६ मध्ये रक्स्टन फाशी गेला. हा माणूस मूळचा आपल्या मुंबईचा, पारशी. खरं नाव बख्त्यार हकीम.

हार्वर्डचा न्यायवैद्यक विभागही खराच होता. फ्रान्सेस ग्लेस्नर ली या श्रीमंत बाईंनी स्वतःचे पैसे ओतून तो उभा केला. सिनेमाचं काही शूटिंगही थेट हार्वर्डमध्येच झालंय.

(स्क्रीनवर: १९४८)

याच्या दोन वर्षं आधीचा ‘ही वॉक्ड बाय नाइट’ घ्या. तिथे उलटा प्रकार. प्रेताचा नाही, गुन्हेगाराचा चेहरा हवाय. ज्यांना त्याने लुटलं ती माणसं अंधाऱ्या खोलीत बसलेली. पोलिसांचा तंत्रज्ञ केस, डोळे, नाक, हनुवटी यांच्या स्लाइड जोडत जातो आणि साक्षीदार दुरुस्त्या सांगतात. तंत्रज्ञ झालाय जॅक वेब. सेटवरच्या पोलीस सल्लागाराशी बोलता बोलता त्याला ‘ड्रॅगनेट’ ही रेडिओ मालिका सुचली.

दोन्ही सिनेमांचा कॅमेरामन एकच, जॉन ऑल्टन. अंधार, मधे एक उजेडाचा चौकोन, भोवती माणसं. प्रयोगशाळेतलं रुक्ष काम त्याने इतकं रंगवलं की पाठलाग फिका वाटावा.

‘मिस्टरी स्ट्रीट’ बघणार असाल तर सुरुवात अजिबात चुकवू नका. त्यात ती मुलगी जिवंत आहे. फोनवर प्रियकराशी भांडते, पैशांच्या चिंतेत आहे. पुढे मोरालेसच्या हातात नुसती हाडं असतात, पण आपण तिचा आवाज ऐकलेला असतो. कवटीवर तिचा फोटो येतो ना, तेव्हा मोरालेसच्या आधी आपण तिला ओळखतो.