दंड भरा, दंड पुढे करा

[पडद्यावर: गुढीपाडव्याची शोभायात्रा. ढोल-ताशे, नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या बायका.]

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा. दोन वर्षांच्या खंडानंतर गिरगावात, डोंबिवलीत शोभायात्रा निघाल्या आहेत. आजपासून महाराष्ट्रात मास्कची सक्ती नाही. वापरायचा तर वापरा, असं सरकारने दोनच दिवसांपूर्वी जाहीर केलंय. गर्दीतले चेहरे नीट बघा. सरकारने सांगितलं म्हणून मास्क खिशात गेला, असे यात फार थोडे असतील. बाकीच्यांचा केव्हाच गेला होता.

हा माहितीपट त्या मास्कवर आणि त्याच्या मागोमाग आलेल्या लशीवर आहे. मानणारे आणि न मानणारे, असे लोकांचे सरळ दोन भाग पाडता आले असते तर आमचं काम सोपं झालं असतं. पण पहाटे चार वाजता लसीकरण केंद्राबाहेर नंबर लावणारा आणि दिवसभर मास्क हनुवटीवर ठेवून हिंडणारा, हा बऱ्याचदा एकच माणूस होता.

[पडद्यावर: बंद दुकानं, निर्मनुष्य दादर स्थानक.]

मार्च २०२०. निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, असं तेव्हा सांगत होतं ते खुद्द आरोग्य मंत्रालयच. मास्क कमी होते आणि ते डॉक्टर-नर्सना आधी मिळायला हवे होते. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सल्ला बदलला: बाहेर पडताना घरी शिवलेला कापडी मास्क वापरा. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचा केला. न घालणाऱ्यावर भारतीय दंड संहितेचं कलम १८८, म्हणजे वेळ आली तर अटक. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला बदलायला जून उजाडला.

सल्ला फिरला त्याला कारण होतं. ताप नाही, खोकला नाही, अशा माणसाकडूनही विषाणू पसरतो हे त्याच दिवसांत स्पष्ट होत होतं. हे कारण दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं होतं. लोकांपर्यंत मात्र नुसता हुकूम पोहोचला. काल नको म्हणत होते, आज पकडून नेतायत.

[पडद्यावर: शिलाई मशीनवर मास्क शिवणाऱ्या बचत गटाच्या बायका.]

तरी लोकांनी मास्क घेतला, आपापल्या पद्धतीने घेतला. शेतावरच्या बाईने पदर नाकावर ओढला, म्हाताऱ्यांनी उपरणं गुंडाळलं. पुण्यात स्कूटरवरच्या मुली वर्षानुवर्षं डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात, त्यांना तर वेगळं काही करावंच लागलं नाही. बचत गटांना शिलाईचं काम मिळालं. लग्नात शालूला जुळणारे पैठणीचे मास्क आले. पिंपरी-चिंचवडच्या एका गृहस्थांनी २ लाख ८९ हजार रुपयांचा सोन्याचा मास्क करून घेतला. त्याने विषाणू अडतो का, याची खात्री नाही, असंही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. त्या वर्षी मास्कबद्दल इतकं खरं बोललेली माणसं मोजकीच. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने किमतीच बांधून दिल्या: तीन पदरी मास्क ३ ते ४ रुपये, एन-९५ १९ ते ४९ रुपये.

मग मास्क घसरला कुठे?

[पडद्यावर: रेल्वे स्थानकाबाहेर पावतीपुस्तक घेऊन उभा असलेला मार्शल.]

मुंबईत दंड आधी १ हजार रुपये होता, नंतर २०० झाला. वसुलीला क्लीन-अप मार्शल नेमले, ते कंत्राटी. दंडातला अर्धा वाटा कंत्राटदार कंपनीला. वसुलीवर पोट असलेला माणूस कोपऱ्यावर उभा केल्यावर जे व्हायचं तेच झालं. मार्शल दिसला की मास्क नाकावर, मार्शल गेला की हनुवटीवर. रिक्षावाले एकमेकांना खूण करायचे. हुज्जत, धक्काबुक्की, पावती न देता घेतलेल्या पैशांच्या तक्रारी, सगळं झालं.

कापडी मास्क घालणाऱ्यापेक्षा समोरच्याला जास्त जपतो. माझं नाक घुसमटणार आणि फायदा होणार शेजारच्याला. मुळातच पटवायला अवघड गोष्ट. त्यात दंड आल्यावर मास्क शेजाऱ्यासाठी आहे हे मागे पडलं, तो मार्शलसाठी झाला. आणि मोठ्यांना मार्शल अडवत नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्ण पुन्हा वाढत असताना, शिवाजी पार्कवर मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात राज ठाकरे मास्कशिवाय आले आणि आपण मास्क घालत नाही, असं पत्रकारांनाच सांगून मोकळे झाले. टीव्हीवर ते पाहणाऱ्याने दुसऱ्या दिवशी २०० रुपये कोणत्या मनाने भरायचे?

[पडद्यावर: शीतपेट्या उतरवणारी गाडी. पोलिस बंदोबस्त.]

१६ जानेवारी २०२१. देशात लसीकरण सुरू झालं. कोव्हिशील्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकची. पुणेकरांना अभिमान वाटणं साहजिकच; जगाला लस आपल्या हडपसरहून जाणार.

पण पहिले काही दिवस दवाखान्यांत रांगा नव्हत्या. नोंदणीचं कोविन ॲप अडखळत होतं, आणि नको म्हणून मान हलवणाऱ्यांत खुद्द डॉक्टर, नर्स होते. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष यायचे होते, तरी तिला परवानगी मिळाली होती आणि टोचून घेण्याआधी वेगळ्या संमतिपत्रावर सही द्यावी लागत होती. मुंबईत ही लस जे. जे. रुग्णालयात होती आणि तिथे लोक कमी आले. याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. कागद वाचून विचारलेला प्रश्न होता तो. १ मार्चला पंतप्रधानांनी दिल्लीत कोव्हॅक्सिन घेतली, त्याच दिवशी शरद पवारांनी जे. जे.मध्ये लस घेतली. फोटो आले, आणि फोटोंचा उपयोग झाला.

खरा उपयोग मात्र भीतीचा झाला. एप्रिलमध्ये दुसरी लाट अंगावर आली. खाट मिळेना, ऑक्सिजन मिळेना, रेमडेसिविरसाठी लोक रात्रभर औषधांच्या दुकानांबाहेर. जानेवारीत ‘बघू’ म्हणणारे एप्रिलमध्ये ‘कुठे मिळेल?’ विचारू लागले. आणि तेव्हा लस नव्हती.

[पडद्यावर: ‘आज लस उपलब्ध नाही’ अशी पाटी. तिच्यासमोर उभे ज्येष्ठ नागरिक.]

१ मेपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस, असं जाहीर झालं. १२ मेपासून महाराष्ट्राला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवावं लागलं. त्याच आठवड्यात केंद्राने कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. आधी ते २८ दिवस होतं, मग सहा ते आठ आठवडे. अंतर वाढवल्याने प्रतिकारशक्ती चांगली तयार होते, याला ब्रिटनमधल्या अभ्यासांचा आधार होता. पण साठा संपायला आणि शास्त्र बदलायला एकच मुहूर्त कसा सापडला, असं नाक्यावरचा माणूस विचारणारच.

कोविनवर स्लॉट उघडायचा आणि दोन मिनिटांत संपायचा. ठाणे, पुण्यातली गाडीवाली मंडळी स्लॉट पकडून ग्रामीण भागातल्या आरोग्य केंद्रावर जाऊन पोहोचायची, आणि त्या गावातली माणसं आपल्याच दवाखान्यासमोर परक्यासारखी उभी. ॲप तेव्हा मराठीत नव्हतं. याच महिन्यात कांदिवलीतल्या एका सोसायटीत चक्क बनावट शिबिर झालं. जवळपास चारशे जणांनी पैसे मोजून सुई टोचून घेतली. कुणालाच ताप आला नाही, अंग दुखलं नाही, तेव्हा शंका आली.

शहरात लस हवी आणि मिळेना, तर डोंगरात लस आहे आणि कुणी घेईना, अशी स्थिती एकाच वेळी होती.

[पडद्यावर: नर्मदेच्या फुगवट्यातून जाणारी बोट. मांडीवर लशीची पेटी घेतलेली परिचारिका.]

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवर बोट अ‍ॅम्ब्युलन्सने जावं लागतं. पथक पोहोचायच्या आत व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ पोहोचलेला असे. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, हे एका फ्रेंच नोबेल विजेत्याच्या तोंडी घातलेलं खोटं विधान. मूल होत नाही. ४५ दिवस दारू चालत नाही. नाशिकमध्ये जूनमध्ये एका ज्येष्ठ नागरिकाने लस घेतल्यावर अंगाला चमचे-नाणी चिकटतात असा दावा केला आणि दोन दिवस सगळ्या वाहिन्या तिथेच चिकटल्या. घामट, गुळगुळीत त्वचेवर नाणं लस न घेताही चिकटतं. घरी करून बघा.

आम्हाला अफवांइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लशीनंतर एक-दोन दिवस ताप येतो. पगारी माणूस रजा टाकून झोपतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा त्या दिवशी खाडा होतो, आणि ऊसतोडीला जायचं तर मुकादमाची उचल घेतलेली असते. ‘ताप आला तर घर कोण चालवणार?’ या प्रश्नाला सरकारी पोस्टरवर उत्तर नव्हतं.

लशीत काय आहे म्हणून खोदून विचारणाऱ्या याच लोकांनी वर्षभरापूर्वी आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या निमूट चघळल्या होत्या. त्या ओळखीच्या नगरसेवकाने दारात येऊन दिल्या होत्या, म्हणून. बाटलीपेक्षा बाटली देणारा हात आधी पाहिला जातो.

[पडद्यावर: जुनी छायाचित्रं. प्लेगच्या काळातली मुंबई, परळचं गव्हर्नमेंट हाऊस.]

सव्वाशे वर्षांपूर्वी इथे हेच घडून गेलंय. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. इस्माइली पंथाचे प्रमुख तिसरे आगाखान यांनी लोकांसमोर ती घेतली, तेव्हा त्यांचे अनुयायी पुढे आले. पुण्यात मात्र प्लेग अधिकारी वॉल्टर रँडच्या शिपायांनी घरात घुसून, देवघरं तुडवत तपासण्या केल्या. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. याच पुण्यात रुग्णांना स्वतः उचलून दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई त्या साथीतच गेल्या, १० मार्चला.

१९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल इथे हाफकिनची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष एका बाटलीपुरता होता. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला १९०७ उजाडलं.

२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने लागू केला तो साथरोग कायदाही १८९७ चाच, त्याच प्लेगसाठी केलेला.

[पडद्यावर: पेट्रोल पंपावरची रांग. ‘लस प्रमाणपत्र दाखवा’.]

ऑगस्ट २०२१ पर्यंत लस पुरेशी येऊ लागली आणि सूर बदलला. १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल, पण दोन डोस झालेल्यांनाच. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी फर्मान काढलं: एकही डोस नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. केंद्रावर गर्दी झाली, यात शंका नाही. रेशनच बंद म्हटल्यावर कोण थांबेल?

त्याच महिन्यात कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकर यांनी आपण लस घेतली नाही आणि घेणारही नाही, असं जाहीर सांगितलं. त्यांना कुणी रेशनची भीती घातली नाही. आपण त्यांना भेटून समजावू, असं आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले. मुस्लिम वस्त्यांत लसीकरण मागे आहे म्हणून सलमान खानला आवाहन करायला लावू, हेही टोपेंचंच. मंत्र्याला माणसं वळवायची रीत ठाऊक होती. ती सगळ्यांच्या बाबतीत वापरायची, तर मंत्री किती पुरे पडणार?

पुरी पडली ती आशाताई. महाराष्ट्रात जवळपास सत्तर हजार आशा आहेत. तिने या घरातलं बाळंतपण पाहिलंय, पोलिओचे थेंब पाजलेत. ती लस घे म्हणते तेव्हा सोबत हेही सांगते की ताप आला तर ही गोळी घे, संध्याकाळी मी येते. आणि ती येते. मेळघाटात कोरकूतून व्हिडिओ फिरले, त्यांचा उपयोग झाला. पण व्हिडिओ संध्याकाळी परत येऊन कपाळाला हात लावत नाही. तिचा हा शब्द सरकारला केवढ्याला पडला? जून २०२१ मध्ये, साथ सुरू असताना, आशांना संपावर जावं लागलं. आठवडाभराने हाती आलं ते महिना १ हजार रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता.

[पडद्यावर: मुंबई उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय.]

लोकलबंदीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तत्कालीन मुख्य सचिवांनी ते आदेश ठरलेली पद्धत सोडून काढले होते, असं फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सुनावलं. सरकारने ते मागे घेतले आणि पुन्हा तशीच अट घातली. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: लसीकरणाचं धोरण गैर नाही, पण कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही.

[पडद्यावर: मोबाइलवर उघडलेलं लसीकरण प्रमाणपत्र.]

मे २०२४. लोकसभा निवडणुकीची धामधूम. कोव्हिशील्डचं मूळ सूत्र ज्या ॲस्ट्राझेनेकाचं, त्या कंपनीने ब्रिटनमधल्या खटल्यात मान्य केलं होतं की लशीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. ती बातमी इथे पोहोचली. नेमका तेव्हाच प्रमाणपत्रावरून पंतप्रधानांचा फोटो गायब झाला. आचारसंहितेमुळे, असं मंत्रालयाने सांगितलं, पण व्हॉट्सअॅपवर दोन्ही गोष्टींची गाठ बांधून झाली होती. हा दुष्परिणाम दिसतो तो डोसनंतरच्या काही आठवड्यांत, तीन वर्षांनी नव्हे, हे डॉक्टर सांगत होते. तरी ‘आता आपलं काय?’ असे फोन सुरूच होते.

ज्यांचं माणूस गेलं, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. औरंगाबादच्या एका वडिलांनी, डॉक्टर मुलीचा मृत्यू लशीच्या दुष्परिणामांमुळे झाला असा दावा करत, मुंबई उच्च न्यायालयात १ हजार कोटींची भरपाई मागितली. अशीच एक याचिका दोन तरुण मुलींच्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात केली. तिला उत्तर देताना नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने शपथपत्र दिलं की सरकारवर भरपाईची जबाबदारी येत नाही. दिलेल्या कारणांपैकी एक असं: लस घेण्याची कायद्याने कुणावरही सक्ती नव्हती.